साठ दिवसांची बाळंतीण

5 जानेवारीला बाळंत झालेल्या बाईचे 60 दिवस 6 मार्चला भरतात. अमेरिकेत मेडिकेड नावाचा सरकारी आरोग्यविमा आहे. त्याचा जुना नियम असा, की साठावा दिवस ज्या महिन्यात पडेल तो महिना संपेपर्यंत आईच्या उपचारांचा खर्च सरकारचा. म्हणजे 31 मार्चपर्यंत. 1 एप्रिलला तिचं कार्ड बंद. मांडीवरच्या बाळाचं मात्र चालूच, कारण मेडिकेडवर असलेल्या आईच्या बाळाला पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप विमा मिळतो. ही सोय 1984 पासूनची.

या नियमाने थोड्याथोडक्या बायकांना गाठलं नाही. त्या देशातली दर दहापैकी साधारण चार बाळंतपणं मेडिकेडच्या पैशातून होतात.

31 मार्चला पात्र असलेली बाई दुसऱ्या दिवशी अपात्र कशी होते? तिचा पगार वाढलेला नसतो, तिचा गट बदललेला असतो. मेडिकेड कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहे, पण ‘कमी’ म्हणजे किती, हे प्रत्येक गटासाठी वेगळं ठरतं. गरोदर बाईसाठी मर्यादा बरीच वर ठेवलेली असते. बाळंतपणानंतरची मुदत संपली की ती ‘गरोदर’ या रकान्यातून ‘पालक’ या रकान्यात जाते, आणि तिथली मर्यादा राज्य ठरवतं. ओबामांच्या काळातला मेडिकेडचा विस्तार ज्या राज्यांनी स्वीकारला, तिथे निदान दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत तिला जागा असते. टेक्सासने तो नाकारला. तिथे गरोदर बाईसाठीची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या जवळजवळ दुप्पट आहे, तर पालकांसाठीची दारिद्र्यरेषेच्या पाचव्या हिश्शाहूनही खाली. 2024 मध्ये तिघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा वर्षाला 25,820 डॉलर होती. त्याचा पाचवा हिस्सा महिन्याला 430 डॉलर. एखाद्या दुकानात अर्धवेळ उभं राहणारी बाईसुद्धा त्या मर्यादेत बसत नाही.

आता शरीराचं वेळापत्रक पाहू. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, दवाखान्यातली तपासणीही सहा आठवड्यांनी होते. टाके आणि गर्भाशय भरून यायला तेवढे दिवस बहुधा पुरतात. हृदयाचं तसं नाही. बाळंतपणाशी जोडलेला हृदयस्नायूचा एक विकार प्रसूतीनंतर पाचव्या महिन्यापर्यंत उद्भवू शकतो. नैराश्य त्याहून उशिरा घेरू शकतं, आणि गरोदरपणात सुटलेलं अमली पदार्थांचं व्यसनही पुन्हा धरू शकतं. अमेरिकेतल्या राज्यांच्या समित्या गरोदरपणातल्या आणि प्रसूतीनंतरच्या वर्षातल्या मृत्यूंचे कागद तपासतात. त्यांना आढळलं, की 2017 ते 2019 या काळातल्या गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी सुमारे 30 टक्के प्रसूतीनंतरच्या 43 व्या दिवसापासून वर्ष भरेपर्यंत झाले. आणि एकूण मृत्यूंपैकी 80 टक्क्यांहून अधिक टाळता आले असते.

बदल 2021 मध्ये आला. आधी इलिनॉयने केंद्राची खास परवानगी काढून मुदत 12 महिन्यांवर नेली. त्याच वर्षीच्या करोना मदत कायद्याने इतर राज्यांचीही वाट सोपी केली: 1 एप्रिल 2022 पासून साधा दुरुस्ती-अर्ज करून मुदत वाढवता येईल. ही सोय पाच वर्षांपुरती होती. 2022 च्या अखेरच्या खर्च-कायद्याने ती कायमची केली. खर्चाचा किमान निम्मा भार केंद्र उचलतं, गरीब राज्यांत त्याहून जास्त. नव्या नियमाने आपल्या उदाहरणातल्या आईचं कार्ड पुढच्या वर्षीच्या 31 जानेवारीपर्यंत चालतं. मधे तिला नोकरी लागली, उत्पन्न वाढलं, तरी ते काढून घेता येत नाही. गर्भपात झाला किंवा बाळ दगावलं, तरीही मुदत तेवढीच. मला या तरतुदीतला सर्वांत समंजस भाग हाच वाटतो.

पण राज्यांवर सक्ती नाही. टेक्सासच्या खालच्या सभागृहाने 2021 मध्ये 12 महिने मंजूर केले, सिनेटने त्याचे सहा केले. पूर्ण वर्ष मिळायला मार्च 2024 उजाडला. मिसिसिपीतून निघालेल्या खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. पुढच्याच वर्षी तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी मुदतवाढीवर सही केली: अधिक बाळं जन्माला येणार, तर आयांचंही पाहायला हवं. आयोवाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. मुदत वर्षाची केली, पण गरोदरपणातली उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या 375 टक्क्यांवरून 215 वर आणली. 2025 च्या सुरुवातीला विस्कॉन्सिन आणि आर्कान्सा ही दोनच राज्यं मागे उरली होती.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवण्याआधी आपल्याकडचा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आठवावा. 2011 पासून सरकारी दवाखान्यात आईला मोफत सेवा मिळते ती 42 दिवस. आजारी बाळासाठी आधी 30 दिवस होते, ते पुढे वर्षावर नेले. त्या कार्यक्रमात आईचे 42 च राहिले. आपली सरकारी रुग्णालयं त्यानंतर बंद होत नाहीत, हा फरक मोठा; पण बाळाचं वर्ष आणि आईचा सव्वा महिना हा हिशेब ओळखीचा आहे.

आपल्या उदाहरणातली आई टेक्सासमधली असेल, तर तिचं वर्ष संपतं तेव्हा तिचा पुन्हा हिशेब होतो. रकाना ‘पालक’, मर्यादा तीच, पाचव्या हिश्शाहूनही खालची.