युरिया स्वस्त कोणाला?

युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे 266 रुपयांना पडते. खरा खर्च याच्या कितीतरी पट. फरक केंद्र सरकार भरते. 2010 साली स्फुरद-पालाशच्या खतांना पोषणद्रव्यावर आधारित अनुदान लागू झाले, युरिया तेवढा वगळला. बाकी खते तुलनेने महागली आणि युरियातले नत्र टाकताना हात सैल सुटला. कारखाना देशी, अगदी अलिबागजवळच्या थळचा असला, तरी देशातल्या युरियासाठी लागणारा बराचसा नैसर्गिक वायू आयात होतो. म्हणूनच 2022 मध्ये युक्रेन युद्धाने वायूचा भाव भडकला तेव्हा गोणीचा भाव जागचा हलला नाही, बोजा तिजोरीवर आला.

भाव वाढवला तर लहान शेतकरी भरडला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. पण दिलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपास पिकाला लागतच नाही. काही अमोनिया होऊन उडते, काही नायट्रेट होऊन विहिरीत झिरपते. त्यावरचे अनुदान कोणाच्याच पदरात पडत नाही. 2015 पासून सक्तीच्या झालेल्या कडुनिंब-लेपनाने नत्र सावकाश सुटते खरे, भावातली तफावत मात्र तशीच राहिली. अनुदानाचे तेच पैसे एकरी हिशेबाने थेट खात्यात द्यावेत आणि युरियाचा भाव टप्प्याटप्प्याने मोकळा करावा. मात्र बटाईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. ती सोय आधी करावी लागेल.