विश्लेषण : एआय निवेदकाला गावाचे नाव नीट उच्चारायला कसे शिकवतात?

बातम्या वाचणारे, पिकांचा सल्ला देणारे, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) निवेदक आता पडद्यावर सर्रास दिसू लागले आहेत. त्यांचा चेहरा हलतो, ओठ हलतात आणि मराठीही बऱ्यापैकी सफाईदार वाटते. पण एखाद्या गावाचे किंवा माणसाचे नाव आले की पितळ उघडे पडते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे वर्धा जिल्ह्यातील ‘तळेगाव (श्यामजी पंत)’ या एका नावावरूनही स्पष्ट होते.

बोलणारे एआय निवेदक कुठे वापरले जातात?

दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे दोन एआय निवेदक आणले. देशी-विदेशी मिळून ५० भाषांत ते बोलू शकतात, असे सरकारने तेव्हा सांगितले. बाजारभाव, हवामानातील बदल, कृषी संशोधन आणि सरकारी योजनांची माहिती देणे हे त्यांचे काम. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमातून भारतीय भाषांतील भाषांतर, आवाज ओळखणे आणि मजकूर वाचून दाखवणे या सेवा दिल्या जातात. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला मिळावा, हा या सगळ्यामागचा उद्देश आहे. अशा सल्ल्यात गावाचे नाव वारंवार येणार आणि ते चुकले तर पुढचा सल्ला कितीही अचूक असला तरी ऐकणारा साशंक होणार.

एका गावाच्या नावात एवढी अडचण काय?

तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातील गाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. त्याच वर्धा जिल्ह्यात तळेगाव (टालाटुले) हे दुसरे गाव आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, तर संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघे. म्हणजे कंसातला किंवा जोडीला येणारा शब्द ही शोभा नव्हे. तीच गावाची खरी ओळख. यंत्राने कंसातील मजकूर पूरक समजून गाळला, तर उरते नुसते ‘तळेगाव’. मग पावसाचा इशारा नेमका कोणत्या तळेगावसाठी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

हीच गत कारंजा (घाडगे) आणि वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) यांची. आष्टी नावाचे तालुक्याचे ठिकाण बीड जिल्ह्यातही आहे. वर्ध्यातील आष्टीला १९४२ च्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ‘आष्टी (शहीद)’ म्हटले जाते. बातम्यांत जागा वाचवण्यासाठी ‘कारंजा (घा.)’ असेही लिहितात. वाचकाला ते लगेच कळते. यंत्र मात्र ‘कारंजा घा’ असे वाचून मोकळे होते. ‘श्यामजी पंत’चे कोणी ‘श्या. पं.’ केले, तर ‘पं.’चा अर्थ ‘पंडित’ घेतला जाण्याचा धोका आहेच.

यंत्र मजकुराचा आवाज कसा करते?

हे काम साधारण चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मजकूर बोलण्याजोगा केला जातो : आकडे, तारखा, कंस, संक्षेप यांचे शब्द होतात. दुसऱ्या टप्प्यात अक्षरांचे ध्वनी ठरतात. तिसऱ्या टप्प्यात त्या ध्वनींना लांबी, चढ-उतार आणि आघात मिळून त्यांचा आवाज तयार होतो. चौथ्या टप्प्यात त्या आवाजाशी निवेदकाच्या ओठांची आणि जबड्याची हालचाल जुळवली जाते. अलीकडच्या प्रणालींत यातले काही टप्पे एकत्र झाले आहेत. पण चुका याच ठिकाणी होतात.

चेहरा असला की चूक जास्त ठळक होते. ‘प, फ, ब, भ, म’ म्हणताना ओठ मिटतात. ‘आंबा’ या शब्दातील अनुस्वाराचा उच्चार ‘म्’ असा होतो. यंत्राने तो ‘न्’ धरला, तर कानाला खटकतेच. शिवाय जिथे ओठ मिटायला हवेत तिथे ते उघडे दिसतात. उलट ‘ळ’साठी जीभ तोंडाच्या आत वळते. ती बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘तळेगाव’चे ‘तलेगाव’ झाले तरी चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, ते कानालाच पकडावे लागते.

मराठी लिहिल्याप्रमाणेच वाचली जाते, मग चूक कशी?

हा समज अर्धाच खरा आहे. देवनागरीत प्रत्येक व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो. पण मराठी माणूस तो सगळीकडे उच्चारत नाही. ‘पवनार’ बोलताना ‘पव्‌नार’ होते, ‘अमरावती’चे ‘अम्‌रावती’ आणि ‘हिंगणघाट’चे ‘हिंगण्‌घाट’. ‘समुद्रपूर’मध्ये मात्र ‘द्र’मधला ‘अ’ कायम राहतो. ‘श्यामजी’ म्हणताना ‘श्याम्‌जी’ असे होते. कुठे ‘अ’ ठेवायचा आणि कुठे गाळायचा, याचे नियम आहेत, पण जोडनावांत ते फसतात. कारण दोन शब्दांचा सांधा कुठे आहे, हे यंत्राला आधी कळावे लागते.

दुसरी अडचण ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांची. ‘चार’ या संख्येतला ‘च’ आणि गुरांच्या ‘चारा’तला ‘च’ वेगळा. ‘तो जात आहे’मधला ‘ज’ आणि ‘जात-धर्म’मधला ‘ज’ वेगळा. जळगावचा ‘ज’ एक आणि जिंतूरचा ‘ज’ दुसरा. लिहिताना अक्षर तेच. ‘इ’ किंवा ‘ई’च्या आधी तालव्य उच्चार होतो, म्हणून ‘श्यामजी’तला ‘जी’ सोपा; बाकी ठिकाणी शब्द माहीत असावा लागतो. हिंदीत ‘च’चे हे दोन प्रकार नाहीत. त्यामुळे प्रामुख्याने हिंदीवर घडवलेला आवाज मराठी बोलू लागला की जळगावचा ‘ज’ हमखास परका वाटतो.

तिसरी बाब अनुस्वाराची. ‘पंत’मध्ये तो ‘न्’, ‘आंबा’मध्ये ‘म्’, तर ‘संशय’, ‘संवाद’मध्ये त्याचा उच्चार आणखी वेगळा. आणि खुद्द ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या : त्यातला ‘ऱ्ह’ हा मराठीचा खास जोड. ज्या आवाजाने तो फारसा ऐकलेला नाही, त्याला तो जमत नाही.

रोमन लिपीमुळे काय बिघडते?

अनेक सरकारी आणि खासगी संगणक प्रणालींत गावांची आणि माणसांची नावे रोमन लिपीत साठवलेली असतात. रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’, ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर. त्यामुळे तळेगाव परत देवनागरीत आणताना ‘टलेगाव’ किंवा ‘तालेगाव’ होऊ शकते. ‘टालाटुले’ला तर अनेक ठिकाणी फसण्याची सोय आहे. देवळीचे रोमन स्पेलिंग वाचून यंत्र ‘देओली’ म्हणते, कारण त्या स्पेलिंगात ना ‘व’ आहे, ना ‘ळ’.

आडनावांचे हाल याहून मोठे. काळे, मोरे, माने, दाते, साने, गोरे ही घरोघरची आडनावे. रोमनमध्ये लिहिली की ती इंग्रजी शब्दांसारखी दिसतात. मग काळे होतात ‘केल’, मोरे ‘मोअर’, माने ‘मेन’, दाते ‘डेट’. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या यंत्रणेने अशी हाक मारली, तर रांगेत बसलेल्या माणसाला आपला नंबर आला हेच कळणार नाही. येथे प्रश्न केवळ मानापमानाचा राहत नाही.

उच्चार सुधारण्याचे मार्ग कोणते?

सर्वात सोपा मार्ग म्हणजे यंत्राला वेगळे लिहून देणे. पडद्यावर ‘तळेगाव (श्यामजी पंत)’ दिसते. आवाजाच्या प्रणालीला मात्र ‘तळेगाव श्याम्‌जी पन्त’ असा मजकूर जातो. यात एक काळजी घ्यावी लागते : हा बदललेला मजकूर खालच्या उपशीर्षकांत उमटता कामा नये. यासाठी ‘एसएसएमएल’ नावाची खूणभाषा आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती २००४ मध्ये प्रमाणित केली. तिच्यात ‘दिसेल ते हे, बोलायचे ते हे’ असे वेगवेगळे नोंदवता येते, थांबा किती घ्यायचा हेही सांगता येते.

दुसरा मार्ग म्हणजे ध्वनिलिपी. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी १८८८ पासून अस्तित्वात आहे आणि तिच्यात ‘ळ’ला, तसेच ‘च’च्या दोन्ही उच्चारांना स्वतंत्र चिन्हे आहेत. एसएसएमएलमध्ये ही चिन्हे थेट देता येतात. मात्र सगळेच मराठी आवाज ती सगळी चिन्हे मानतात असे नाही. म्हणून आधी चाचणी घ्यावी लागते.

तिसरा मार्ग उच्चारकोशाचा. एखादे नाव एकदा नोंदवले की प्रत्येक संहितेत ते पुन्हा दुरुस्त करावे लागत नाही. अशा कोशांसाठीही २००८ पासून प्रमाण नमुना उपलब्ध आहे.

चौथा मार्ग आवाजालाच अधिक शिकवण्याचा. आयआयटी मद्रासमधील ‘एआय-फॉर-भारत’ हा गट भारतीय भाषांसाठी खुले आवाज आणि ध्वनिसंच तयार करतो, त्यात मराठीही आहे. परंतु ‘पाऊस’ हा शब्द ध्वनिसंचात शेकडो वेळा येतो, ‘टालाटुले’ कदाचित एकदाही नाही. म्हणून आवाज कितीही सुधारला तरी नावांसाठी कोशाची गरज संपत नाही.

मराठीत नुसता कोश पुरेसा का ठरत नाही?

कारण मराठीत नाव क्वचितच मोकळे येते. तळेगावात, तळेगावला, तळेगावहून, तळेगावचा, तळेगावकर : प्रत्येक रूप वेगळे. कोशात फक्त ‘तळेगाव’ असेल आणि प्रणाली पूर्ण शब्द जुळवून पाहत असेल, तर ‘तळेगावहून’ आले की कोशाचा उपयोग शून्य. काही नावे प्रत्ययाआधी बदलतात : ‘वर्धा’चे ‘वर्ध्यात’, ‘पुणे’चे ‘पुण्याला’. तेव्हा कोशात नावाबरोबर त्याची सामान्यरूपेही नोंदवावी लागतात. ‘श्यामजी पंत’ आणि ‘श्यामजीपंत’ अशी लेखनाची दोन्ही रूपे रूढ असतील, तर दोन्ही नोंदी हव्यात आणि दोन्हींचा उच्चार एकच हवा.

कोणाचा उच्चार बरोबर धरायचा?

हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही. बीबीसीने १९२६ मध्येच उच्चारांबाबत सल्ला देणारी समिती नेमली होती. पुढे तिथे नावांच्या उच्चारांसाठी स्वतंत्र कक्षच झाला. नाव ज्याचे, त्याला किंवा त्या गावाला विचारायचे, ही वृत्तनिवेदनातली जुनी आणि साधी रीत आहे.

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा उच्चार अनेकांच्या तोंडी ‘य’सारखा होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. म्हणून निवेदकाने ‘तयेगाव’ म्हणावे का? बातमी किंवा सूचना वाचताना प्रमाण ‘तळेगाव’ ठीक. पण शेतकरी फोनवर ‘तयेगाव’ म्हणाला, तर यंत्राला ते समजलेच पाहिजे. बोलण्यात एक प्रमाण रूप आणि ऐकण्यात अनेक बोलीरूपे, असा भेद ठेवला तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. बोलीची नक्कल करायला गेलेला एआय निवेदक थट्टा करतो आहे असे वाटण्याचा संभव अधिक.

पुढे काय करता येईल?

पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत देशातील प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. त्या संकेतांकाला गावाच्या पूर्ण नावाचा उच्चार आणि एक छोटे ध्वनिमुद्रण जोडले, तर प्रत्येक विभागाला आणि कंपनीला तेच काम पुन्हा करावे लागणार नाही. नाव एकसारखे असले तरी संकेतांक वेगळा असल्याने दोन तळेगावांची गल्लतही होणार नाही. ग्रामपंचायत, शाळा किंवा टपाल कार्यालय अशा नोंदीची खातरजमा करू शकतात. सामान्य नागरिकांनाही ‘भाषिणी’च्या ‘भाषादान’ या व्यासपीठावर किंवा मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी आवाज देता येतो.

चाचणीची पद्धतही सोपी ठेवता येते. जिल्ह्यातील गावांची नावे घालून पंचवीस-तीस वाक्ये तयार करायची, त्यात प्रत्ययासह रूपे आणि कंसातील नावे हवीत. ती निवेदकाकडून वाचून घ्यायची आणि मजकूर न दाखवता स्थानिक माणसाला फोनवर ऐकवायची. कोणते गाव म्हटले, एवढेच त्याला विचारायचे. त्याने क्षणही न थांबता ‘आपले महामार्गावरचे तळेगाव’ असे सांगितले, तर नोंद बरोबर. ‘कोणते तळेगाव?’ असे त्यानेच विचारले, तर दुरुस्ती बाकी आहे.