गळती लागली, शोध लागला!

वीर स्टेशनच्या बाजूने महाडला कॉलेजला येणाऱ्यांनो, खरं सांगा. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला रीडिंग विचित्र आलं म्हणून शेजारच्याचं उतरवलंय ना? बारावीत मीही तेच केलं. मग हा किस्सा आपल्यासाठीच.

चुलीवरच्या पातेल्याला धरते ती काजळी, म्हणजे कार्बन. पण हेलियम भरलेल्या बंद भांड्यात ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये वेल्डिंगसारखा विजेचा आर्क पेटवला, की काजळीत पोकळ, पिंजऱ्यासारखे रेणू सापडतात. हे फुलरिन. शोध १९८५चा, नोबेल १९९६चं. कांडीत धातू मिसळला तर त्याचे अणू पिंजऱ्यात अडकतात, पण अगदी थोडे.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये हॅरी डॉर्न यांचा गट हेच करत होता. एकदा भांड्यात थोडी हवा शिरली. म्हणजे बॅच वायाच! पण त्यांनी ती काजळी तपासली. ८० कार्बन अणूंच्या पिंजऱ्यात स्कँडियमचे तीन अणू आणि मधोमध हवेतल्या नायट्रोजनचा एक! मुद्दाम नायट्रोजन सोडल्यावर हा रेणू कितीतरी जास्त मिळू लागला. १९९९मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आलं.

उपयोग काय? एमआरआयमध्ये चित्र स्पष्ट दिसावं म्हणून गॅडोलिनियमची संयुगं टोचतात. सुटं गॅडोलिनियम विषारी. पिंजऱ्यात कोंडलं तर ते निसटत नाही, म्हणून त्यावर प्रयोग झाले.

तेव्हा पुढच्या वेळी रीडिंग चुकलं, तर खोडू नका. जर्नलमध्ये आलं तसंच लिहा आणि सरांना विचारा, ‘असं का आलं?’ एखादा मार्क जाईल, जाऊ दे की!