हातावरील कापल्याची जखम

हातावरील कापल्याची जखम म्हणजे चाकू, विळी, कोयता, काच किंवा पत्रा यांसारख्या धारदार वस्तूने हाताची त्वचा चिरली जाऊन होणारी इजा होय. बहुतेक जखमा उथळ असतात व घरगुती उपचारांनी बऱ्या होतात. मात्र बोटांमधील कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर), चेतातंतू व रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असल्याने लहान दिसणारी जखमही हाताला कायमचे अधूपण आणू शकते.

प्रथमोपचार
जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सुमारे १० मिनिटे सलग दाब द्यावा व हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर धरावा. कापड वारंवार उचलून पाहिल्यास गोठलेले रक्त निघून रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. सूज येण्यापूर्वी अंगठी काढावी. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बांधावी. पट्टी भिजल्यास बदलावी. हळद, कॉफीची पूड किंवा चुना जखमेत भरण्याची प्रथा आढळते. हे पदार्थ निर्जंतुक नसतात. शिवाय त्यांमुळे जखमेची तपासणी व स्वच्छता अवघड होते.

वैद्यकीय उपचार
बोट वाकवता किंवा सरळ करता न येणे हे कंडरा, तर बोट बधिर होणे हे चेतातंतू तुटल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी, तसेच रक्त न थांबल्यास, जखमेच्या कडा उघड्या राहिल्यास किंवा आत काच अडकल्यास तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये.

धनुर्वात
धनुर्वाताचे जिवाणू माती व शेणात आढळतात. त्यामुळे केवळ गंजलेल्या लोखंडानेच हा रोग होतो हा समज चुकीचा आहे. प्राथमिक लसीकरण पूर्ण झालेल्या व्यक्तीस मागील मात्रेनंतर १० वर्षे, तर जखम मळलेली किंवा खोल असल्यास ५ वर्षे उलटली असल्यास सामान्यतः वर्धक मात्रा दिली जाते.

प्रतिबंध
बोथट पात्यावर अधिक जोर द्यावा लागतो व ते निसटते. म्हणून पाते धारदार ठेवावे. चिरताना बोटांची टोके आत वळवावीत. वापरानंतर विळीचे पाते मिटवावे. फुटलेली काच उघड्या हाताने उचलू नये.