मूठभर तांदळाचा देव्हारा

वज्रेश्वरीच्या देवळाला तटबंदी आहे. बावन्न पायऱ्या चढून नगारखान्याखालच्या दरवाजाशी आले की आपण किल्ल्यात शिरतोय की देवळात, असा क्षणभर प्रश्न पडतो. परंपरा सांगते ती अशी: वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला, मे १७३९मध्ये वसई पडली आणि नवस फेडायला हे मंदिर उभे राहिले. संकटात देवाला साकडे घालायचे आणि ते टळले की दगडात ऋण फेडायचे, ही राज्यकर्त्यांची रीत. पण ज्याच्यापाशी दगड नाही, गवंडी नाही आणि विजयही नाही, त्याने देवाला कुठे बसवायचे? याचे उत्तर इथून उत्तरेला वाडा, जव्हार, डहाणूकडे पसरलेल्या वारली पाड्यांत कुडाच्या भिंतीवर मिळते.

लग्न ठरले की कारवीच्या कुडावर शेणमातीचा हात फिरतो, वर गेरू बसतो. तांदूळ भिजवून वाटलेले पीठ हा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. सवाशिणी आधी चौकोन, म्हणजे ‘चौक’, आखतात, त्याच्या कडा नक्षीने भरतात आणि मग मधोमध पालघट देवी येते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा देव. धवलेरी गाण्यांतून एकेका देवाला बोलावत असते. लग्नविधी चालवणारी ही बाईच, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. जागा आधी तयार होते, देव नंतर येतो. आणि काम झाले की ते चित्र कोणी जपत नाही. धुराने काळवंडते, पुढच्या सारवणात जाते. म्हणजे अर्थ चित्रात साठवलेला नसतो. तो चार बायकांनी मिळून, गाण्याच्या साथीने देवासाठी जागा करण्यात असतो. मनःशांतीसाठी घरी एकट्याने मंडले रंगवण्याची जी टूम सध्या आहे, तिच्यापेक्षा ही गोष्ट पुष्कळ वेगळी आहे.

यावर एक कडक आक्षेप येतो. याच लग्नासाठी वारली माणूस सावकाराकडून कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी बायकोसह त्याच्या शेतावर राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या गुलामीचे जिवंत चित्र आहे. मग चौक आणि धवलगीते ही साखळीवरची नक्षीच नव्हे काय? आक्षेप खोटा नाही, पण त्याचे बोट चुकीच्या जागी आहे. माणूस बांधला जाई तो सावकाराच्या वहीने. चौकाला लागे मूठभर तांदूळ आणि शेजारणींचा वेळ, त्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नसे. १९४५मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली हेच लोक उठले. वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडली. चौक मोडला नाही, कारण तो मोडण्यासारखा कुणाला वाटलाच नाही. कला माणसाला सोसायला शिकवून निजवते, असे म्हणणाऱ्यांना इथे उत्तर आहे: वर्षभर दुसऱ्याच्या हुकमाने राबणारे हात निदान लग्नघरात स्वतःच्या हुकमाने चालत. तेवढ्याने बंड होत नाही, हे खरे. ते संघटनेने झाले. पण आपणही कुणाला तरी बोलावू शकतो, ही जाणीव तिथे जिवंत राहिली.

दुसरा आक्षेप बाजाराचा: चित्र विकायला लागले आणि त्यातला अर्थ गेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला विभागाकडून कागद आणि रंग घेऊन डहाणूकडे आले. त्यापूर्वी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना त्यांनी असाच कागद दिला होता. भिंतीवरच्या चित्रांतून चार पैसे मिळावेत, हा हेतू. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागद असा भरला की चित्रकला बायकांच्या विधीतून बाहेर पडून जगभर गेली. लहानपणी आई गेल्यावर मशे बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याबद्दल सांगतात. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते गेले. धुळीत बोट फिरवणाऱ्या त्या मुलापुढे ना विधी होता, ना गिऱ्हाईक. तेव्हा पैसा आला म्हणून अर्थ गेला, असे सरसकट म्हणणे पोट भरलेल्यांना शोभते.

तरी काहीतरी सुटले आहेच. मुंबईच्या दुकानांतल्या साड्यांवर आणि कपांवर बहुधा तारपा या वाद्याच्या सुरावरचा गोल नाच असतो, पालघट क्वचित. नाच कुठेही छापता येतो. पालघट देवी मात्र धवलेरीने हाक मारल्याशिवाय यायची नाही.