शिंजीर काळा नसतोच

फाल्गुनात चंद्रपूर-गडचिरोलीत पळसाला पान उरत नाही, नुसती फुलं. मोह वेचायला बाया टोपल्या घेऊन निघतात, तेव्हा घरामागच्या पळसावर ‘चिविट-चिविट’ सुरू झालेलं असतं. गाणारा शिंजीर, चिमणीहून लहान, जेमतेम 10 सेंटिमीटरचा आणि काळाकुट्ट. फोटोत तर नुसता डाग.

आता त्याला मान वळवू द्या. डोकं निळं होतं, गळा जांभळा, मानेवर हिरवट झळाळी. पुढच्या क्षणी पुन्हा काळा!

हा निळा-जांभळा त्याच्या पिसांत कुठेच भरलेला नाही. पिसांत आहे मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना काळं करणारंच द्रव्य. पण त्याच्या अतिसूक्ष्म चकत्या तिथे थरांनी रचलेल्या असतात. थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग उजळतात, काही विझतात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात तेही याच न्यायाने. कोन बदलला की रंग बदलला. शेजारच्या आंब्यावरचा हळद्या मात्र कुठूनही पाहा, पिवळाच. त्याचा रंग खाण्यातून आलेल्या रंगद्रव्याचा.

म्हणून शिंजिराच्या फोटोत महागड्या लेन्सपेक्षा आपण उभं कुठे राहतो याला मोल जास्त, असं माझं ठाम मत आहे. सकाळी सूर्य पाठीशी घ्यावा. निष्पर्ण पळसामागे पांढरं आकाश येतं आणि पक्ष्याची नुसती सावली उरते. तेव्हा गच्चीवर चढावं, म्हणजे मागे दुसऱ्या झाडांची हिरवळ मिळते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं तरी जलद हवं, आणि एका दमात भरपूर फोटो घ्यावेत. त्यांतल्या एखाद्यात मान नेमकी वळलेली सापडते. कपाळाला चिकटलेले पळसाचे परागही दिसतील.

झाडावर जमलं नाही, तर अंगणातल्या मोटारसायकलकडे लक्ष ठेवा. आरशातला नर प्रतिस्पर्धी समजून हा पठ्ठ्या त्याच्याशी भांडत बसतो, तेही अगदी हातभर अंतरावर. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं लोंबतं घरटं दिसलं, तर तिथून मात्र लांब राहावं. चांगल्या फोटोसाठी आडवी येणारी पानं तोडली, तर कावळ्याचं आयतंच फावतं.

विणीचा हंगाम सरला की नर हा झगमगाट उतरवून ठेवतो. मादीसारखा पिवळट पोटाचा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो, त्यावरून तो ओळखायचा.