तांदळावर तांदूळ

"तांदळावर तांदूळ दळा हं."

गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात हे वाक्य तीनदा म्हणावं लागतं. पहिल्यांदा माझी लेक ते माझ्या शर्टाला सांगते, दुसऱ्यांदा काउंटरला आणि तिसऱ्यांदा कुठे गिरणीवाल्या काकांना. काकांच्या पापण्यांवर पीठ बसलेलं असतं. ते मान हलवतात आणि आमचा डबा रांगेत लावतात. अर्थ साधा आहे. आधीच्या कुणाचा तांदूळ दळून झाला असेल तर त्यावरच आमचा टाका. गव्हावर टाकला तर दगडांत राहिलेलं गव्हाचं पीठ आमच्या पिठात उतरतं, डाळीवर टाकला तर वासच लागतो. लहानपणी लालबागला मी शेकडो वेळा दळण आणलं असेल, हेच वाक्य पोपटासारखं म्हटलंही असेल. ते का म्हणायचं हे मात्र वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, विरार पश्चिमेच्या या गिरणीत, तिसरीतल्या लेकीच्या शेजारी उभं राहून कळलं. तिने विचारलं म्हणून.

गेल्या पावसाळ्यात आई आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आई राजापूरकडची. तिच्या लेखी पोळी पाहुण्यांसाठी आणि तांदळाची भाकरी घरच्यांसाठी. मी आणि बायको दोघंही सकाळच्या लोकलने निघतो. चर्चगेट इथून साठ किलोमीटर, म्हणजे फास्ट मिळाली तरी सव्वा-दीड तास. त्यामुळे आठवडाभर पाव आणि भात यांवर भागवलं. रविवारी सकाळी आई गळ्यात हात अडकवून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "परात काढ."

मला आयुष्यात कुणी परातीसमोर बसवलं नव्हतं. धाकट्या बहिणीला नवव्या वर्षी बसवलं होतं. हा हिशेब मी आईपुढे कधी मांडला नाही आणि आता तिचा हात मोडल्यावर मांडण्यात अर्थ नव्हता. लेक पाटावर उभी राहिली, मी खाली मांडी घातली. चार वर्षांचा धाकटा काही विचारायच्या आत परातीच्या काठाशी येऊन बसला.

आणि मग खरी अडचण कळली. आईला भाकरी येत होती, पण सांगता येत नव्हती.

"पाणी किती, आजी?"

"बेताचं."

"बेताचं म्हणजे किती?"

"मावेल एवढं."

लेकीने वाटी पुढे केली. आईने डोळे मिटले, डावा हात हवेत हलवला, मनातल्या मनात पातेलं भरलं असावं. "एका वाटीला एक. पीठ नवं असेल तर किंचित जास्त." चाळीस वर्षांत हे तिने पहिल्यांदाच शब्दांत सांगितलं असेल. पुढचा तासभर असाच गेला. लेक विचारायची, आई चिडायची, डोळे मिटायची आणि मग एखादं वाक्य बाहेर यायचं. हात मोकळा असता तर यातलं एकही वाक्य आलं नसतं. तिने "सर बाजूला" म्हणून भाकरीच थापून दाखवली असती.

तर त्या तासात जमलेली कृती अशी. पाण्यात चिमूटभर मीठ घालून आधण ठेवायचं. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे आधण आलं असं नाही, मधूनही खळखळलं पाहिजे. मग पीठ एकदम टाकायचं, गॅस बंद करायचा, उलथण्याच्या दांड्याने दोन-चार वेळा हलवायचं आणि झाकण ठेवायचं. दहा मिनिटं झाकण उचलायचं नाही. लेकीने दोनदा उचललं, मी एकदा. ही झाली उकड. ती परातीत काढून गरम असतानाच मळायची आणि इथेच नवशिके हरतात. हात भाजतो म्हणून आपण थांबतो, थांबलो की पीठ गार होतं, गार झालं की भेगा. आई म्हणाली, "पाण्यात हात बुडव आणि मळ. हाताला चिकटतंय तोवर मळ, हात सोडलान की थांब." तिची बोटं अशी तापलेल्या उकडीत खुशाल फिरतात. माझी तीन मिनिटांत लाल झाली. लेकीला मी आधी हात घालू दिला नाही. मग वाटीएवढा गोळा निवू दिला आणि तो तिला दिला. ती दोन्ही तळव्यांच्या टाचांनी, सगळं अंग वाकवून मळत होती. तिच्याकडे बघून मला माझी चूक दिसली, कारण मी नुसती बोटं चालवत होतो.

थापणं हा वेगळाच प्रांत. परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं, गोळा ठेवायचा आणि बोटांनी कडेकडेने दाबत परातीतच फिरवायचा. मोठ्यांचा हात मधोमध पडतो. मग मध्य पातळ, कडा जाड, आणि उचलताना भाकरी मधूनच फाटते. आई सारखी सांगत होती, "मध्याकडे बघू नको, तो आपोआप होतो. कडा सांभाळ." लेकीचा तळवा लहान, त्यामुळे तिचा हात कडेलाच राहत होता. तिची पहिली भाकरी चहाच्या बशीएवढी झाली, पण गोल झाली. माझी महाराष्ट्राच्या नकाशासारखी. कोकणाची पट्टी तव्यावर टाकताना तुटली.

तव्याजवळ मी, असा करार होता. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकायची, लगेच ओला हात वरून फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, दुसरी बाजू नीट भाजायची आणि मग पुन्हा उलटून थेट आचेवर. त्या रविवारी सात भाकऱ्या झाल्या. दोन फाटल्या, पाच न फुगता नुसत्याच भाजल्या गेल्या. धाकट्याने वाटणीच्या पिठाची लांब लोकल केली, तिला डबे पाडले आणि कच्चीच चावून बघितली. रविवारी नऊपर्यंत झोपणं हा बायकोचा हक्क आहे. ती उठून आली, एक तुकडा तोडला आणि म्हणाली, "पापड चांगला झालाय."

दुसऱ्या रविवारी लेकीने प्रश्न विचारला.

"आजी, भेगा का पडतात?"

"मळलं नाहीस म्हणून."

"पण पोळीच्या पिठाला एवढं गरम पाणी लागत नाही. मग याला का?"

आई गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे. उत्तर फार अवघड नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते, म्हणून कणीक ताणता येते, लाटता येते. तांदळात ती जाळी नसते. तिथे बांधून ठेवण्याचं काम स्टार्च करतो, पण गार पाण्यात नाही. पाणी साधारण ७० अंशांच्या आसपास तापलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. मी हे वाचून दाखवत असताना लेक मध्येच म्हणाली, "म्हणजे पतंग चिकटवायला शितं लावतो तसं?" तसंच. मला ते उदाहरण सुचलं नसतं.

मग तिने सांगितलं, करून बघू. एक वाटी पीठ आधणाचं, एक वाटी नळाच्या पाण्याचं. नळाच्या पाण्यात भिजवलेला गोळा हातात बरा दिसत होता, थापलाही गेला. उचलल्यावर त्याची वाळू झाली. धाकटा खूष. आई म्हणाली, "वाटीभर दळण नासवून मला ठाऊक होतं तेच शोधलंत." पण खुर्ची पुढे ओढून ती ते बघत होती, हे मी पाहिलं.

समोरच्या दारातल्या काकू सोलापूरकडच्या. थपथप आवाज ऐकून त्या तिसऱ्या रविवारी डोकावल्या. त्यांचा संसार ज्वारीचा, त्यामुळे उकडीचं प्रकरण त्यांना अघळपघळ वाटलं. त्यांनी आमच्या डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन बोटांवर चोळलं आणि म्हणाल्या, "मावशी, महिना झाला की काय दळून? विरी गेली याची." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, बांधून धरण्याचा गुण. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी फाटते. शब्द लेकीला नवा होता आणि खरं सांगायचं तर मलाही. तिने लगेच "विरारला विरी नाही" असं गाणं रचलं, ते आठवडाभर ऐकावं लागलं. पण तेव्हापासून दळण एका वेळी दोनच किलो.

मुलांसाठी खेळातलं स्वयंपाकघर मिळतं. आमच्याकडेही वाढदिवसाला आलेलं आहे. गुलाबी गॅस, हिरवा तवा, त्यावर प्लास्टिकची पोळी. मला त्याचा राग आहे. प्लास्टिकची पोळी कधी फाटत नाही, म्हणून तिच्याकडून काही शिकताही येत नाही. आमच्याच लाईनवर, विरारच्या पुढे, हा विचार कुणीतरी फार आधी करून ठेवला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसोरीची विकतची साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शंख, शिंपले, बिया, खडे, पानं गोळा केली आणि त्यांतून मोजणं, लावणं, ओळखणं शिकवलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्या केंद्रांना देशभर तेच नाव मिळालं. आमच्या इमारतीला अंगण नाही, पार्किंग आहे. परात मात्र आहे.

हे मी एकदा जेवताना बोललो, तर बायको म्हणाली, "तू चार रविवार भाकऱ्या थापल्यास की लगेच शिक्षणशास्त्र. आई चाळीस वर्षं थापतायत, त्याला घरकाम म्हणतात." मी भाकरीकडे लक्ष दिलं.

भाकरी फुगायला पाचवा रविवार लागला, आणि फुगली ती लेकीची. आचेवर टाकली, कडेला एक फोड आला, तो सरकत मध्याकडे गेला आणि अख्खी भाकरी टम्म झाली. कुणी ओरडलं नाही. आई नुसतं "हं" म्हणाली. तिच्या शब्दकोशात याहून मोठी शाबासकी नाही, हे मला माझ्या दहावीच्या निकालापासून माहीत आहे.

ती का फुगते, हे मी या वेळी आधीच वाचून ठेवलं होतं. दोन्ही बाजू भाजून घट्ट होतात, आत ओल राहते, तिची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, आणि ती दोन पापुद्रे एकमेकांपासून सोडवते. कुठे बारीकशी भेग असेल तर वाफ तिथून निघून जाते, म्हणून तर कडा सांभाळायच्या. याच वाफेच्या जोरावर १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली गाडी गेली, असंही मी सांगून टाकलं. लेक थोडा वेळ तव्याकडे बघत राहिली. "तेव्हा गाडीत गर्दी होती?" दिवसाला एकच गाडी, एक जाणारी आणि तीच येणारी. "मग तर असणारच," ती म्हणाली.

प्लास्टर निघालं. आईने पहिल्याच दिवशी परात पुढे ओढली आणि मनगट दुखल्यावर परत लोटली. आता आठवड्यातल्या भाकऱ्या ती हळूहळू करते, दोन-तीनच. रविवार आमचा. तिला गप्प बसवत नाही, मध्येच हात पुढे येतो, "दे इकडे" म्हणते. लेकीने त्यावर नियम काढलाय: आजीने फक्त बोलायचं. माझ्यासाठीही तोच नियम आहे आणि तो पाळणं मला आईपेक्षा जड जातं. लेकीची भाकरी कलंडताना दिसली की हात आपोआप जातो. उकडीत भाजून घेणं त्यापेक्षा सोपं.

गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने तक्ता आखलाय. तारीख, पीठ किती वाट्या, दळण कधीचं, मग तीन रकाने: फुगली, अर्धी, फाटली. "अर्धी" या रकान्यावरून तिचं आणि धाकट्याचं भांडण होतं, कारण एक कोपरा फुगला तरी तो फुगली म्हणतो. शेवटी ठरलं की निम्म्याहून जास्त फुगली तर फुगली. पाऊण म्हणजे काय, पाव म्हणजे काय, हे मग भाकरी मोडून दाखवावं लागलं. ते पुरावे सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर खाल्ले गेले. बोंबील अर्नाळ्याचे.

परवाच्या रविवारची नोंद अशी आहे. पीठ तीन वाट्या, दळण चार दिवसांपूर्वीचं, एकूण अकरा. फुगल्या सहा, अर्ध्या तीन, फाटल्या दोन. फाटलेल्या दोन्हींपुढे कंसात लिहिलंय: बाबा.